२२ राजीनामे आणि ११६ चा आकडा : २०१८ चं मध्यप्रदेश सरकार किती आमदारांनी पडत होतं?

दौलतगंजकर (लष्कर, ग्वाल्हेर)
मध्यप्रदेशच्या निवडणुकीचा विषय निघाला की आपल्याकडच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास येतो. पक्षांतरबंदी कायदा असताना मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंद्यांबरोबर काँग्रेसचे २२ विधायक उठून गेलेच कसे? मग पैसा, महाल, मानअपमान, सगळं बाहेर निघतं. असेलही ते खरं, पण ते दुसऱ्या धाग्यावर उगाळा. मला इथे हिशोब हवाय.

मूळ आकडे असे. मतदान २८ नोव्हेंबर २०१८, मोजणी ११ डिसेंबर. जागा २३०, बहुमत ११६. काँग्रेस ११४, भाजप १०९, बसप २, सप १, अपक्ष ४. मतांची टक्केवारी उलटी: भाजप ४१.०२, काँग्रेस ४०.८९. कमलनाथांचा शपथविधी १७ डिसेंबरला, राजीनामा २० मार्च २०२० ला.

माझं म्हणणं असं की २२ हा आकडा मोजूनमापून आलेला आहे, पण त्यातले सगळे 'लागत' नव्हते. कमीत कमी किती जण गेले असते तर सरकार पडलं असतं? आणि जे गेले त्यांनी मत विरोधात न देता राजीनामाच का दिला? जाणकारांनी लिहा.

इंदुरी_आबा (इंदूर)
आकडे बरोबर, पण मार्च २०२० पर्यंत ते हलले होते, ते आधी दुरुस्त करून घेऊ या. झाबुआचे भाजप आमदार खासदार झाले म्हणून तिथे ऑक्टोबर २०१९ ला पोटनिवडणूक झाली आणि कांतिलाल भूरिया जिंकले. म्हणजे काँग्रेस ११५, भाजप १०८. नंतर जौरा (काँग्रेस) आणि आगर (भाजप) इथल्या आमदारांचं निधन झालं. मार्चमध्ये सभागृह २२८ चं, काँग्रेस ११४, भाजप १०७, बाकी ७.

पुढचा सगळा हिशोब २२८ धरून करा, नाहीतर उत्तर चुकेल.

चंबळकाठ
बेरजेआधी ११४ आले कुठून ते बघा. ग्वाल्हेर-चंबळच्या ३४ जागांपैकी २६ काँग्रेसला मिळाल्या. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद, अट्रॉसिटी कायद्यावरून पेटलेलं वातावरण, त्याचा निकालावर इथे जेवढा परिणाम झाला तेवढा राज्यात दुसरीकडे क्वचितच. त्यामुळे १५ महिन्यांनी गळती लागली तीही इथूनच. पाया एका बाजूला कललेला होता.

आणि ग्वाल्हेर दक्षिण! प्रवीण पाठक १२१ मतांनी जिंकले. समोर नारायणसिंह कुशवाह. भाजपच्याच माजी महापौर समीक्षा गुप्ता अपक्ष उभ्या राहिल्या आणि तीस हजारांवर मतं घेऊन गेल्या. बाकी काही सांगायला नको.

पोहे_जलेबी
१२१ मतं म्हणजे दौलतगंजातले दोन वाडे. एका वाड्यात लग्न असतं तर निकाल फिरला असता.

नाका_चंद्रवदनी
बंडखोराचं सगळेच सांगतात. तिथे नोटालाही फरकाच्या कितीतरी पट मतं होती. पण नोटाला कितीही मतं पडली तरी विधानसभेत निकाल बदलत नाही. पहिला तो पहिला.

एक प्रश्न. १२१ चा फरक असताना फेरमोजणी मागता येते ना? ती कशी मागतात?

टेबल_क्रमांक_७
येते, पण वेळेत मागावी लागते. बऱ्याच उमेदवारांचे प्रतिनिधी तिथेच चुकतात.

क्रम असा. साधारण १४ टेबलं, एका फेरीत १४ बूथ. टेबलावर कंट्रोल युनिट येतं. आधी सील आणि पट्टीवरचा क्रमांक १७सी फॉर्मशी ताडायचा, मग एकूण मतं. ही नोंद मतदानाच्या संध्याकाळी केंद्राध्यक्षाने केलेली असते आणि तिची प्रत प्रत्येक एजंटला मिळते. मतमोजणी एजंटाने ती सोबत आणली नसेल तर तो तिथे नुसता बसून आहे. त्यानंतर रिझल्टचं बटण, आणि प्रत्येक उमेदवाराचा आकडा १७सी च्या दुसऱ्या भागात.

बिघडतं कुठे? सकाळच्या मॉक पोलनंतर (सरावाच्या मतदानानंतर) क्लोज-रिझल्ट-क्लिअर ही तीन बटणं दाबायला केंद्राध्यक्ष विसरला, तर मॉक पोलची मतं यंत्रात राहतात आणि बेरीज १७सी शी जुळत नाही. ते यंत्र बाजूला ठेवतात. जिंकण्याचा फरक त्या यंत्रातल्या मतांपेक्षा जास्त असेल तर तिकडे कोणी बघत नाही. फरक कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात.

टपाली मतांचंही तसंच. जिंकण्याचा फरक बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासणं बंधनकारक आहे. घोषणापत्रावर सही नाही, लिफाफ्यात मतपत्रिका चुकीची घातली, असल्या कारणांनी ही मतं बाद होतात.

फेरमोजणी निवडणूक नियम ६३ खाली. सगळी बेरीज जाहीर झाल्यावर आणि निर्वाचन अधिकाऱ्याने फॉर्म २० वर, म्हणजे निकालाच्या तक्त्यावर, सही करण्याआधी लेखी अर्ज द्यायचा, कारणांसह. 'फरक कमी आहे' एवढं कारण पुरत नाही. कुठल्या टेबलावर, कुठल्या फेरीत, काय चुकलं ते लिहावं लागतं. सही झाली की तो दरवाजा बंद. मग ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका.

पोहे_जलेबी
एवढी माहिती दिलीत नाना, आता उभंच राहावं म्हणतो.

टेबल_क्रमांक_७
दहा हजार अनामत. एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर गेली. त्या पैशात सराफ्यात बरीच वर्षं जलेबी खाता येईल.

कलम_१९०
मूळ प्रश्नावर येते.

दहावी अनुसूची १९८५ ची, ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेली. आमदार दोन प्रकारे अपात्र होतो. स्वतःहून पक्षसदस्यत्व सोडलं, किंवा व्हिपच्या विरोधात मत दिलं अथवा गैरहजर राहिला आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही. पूर्वी पळवाट होती: एक तृतीयांश फुटले तर 'फूट' मानून अपात्रता नाही. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती काढली. आता उरला फक्त विलीनीकरणाचा रस्ता, त्याला दोन तृतीयांश लागतात.

११४ चे दोन तृतीयांश ७६. एक तृतीयांश ३८. म्हणजे २२ जणांना जुन्या कायद्याखालीसुद्धा फुटता आलं नसतं! लोक म्हणतात कायदा कडक केल्याने राजीनाम्याचा धंदा सुरू झाला. या प्रकरणात तरी ते खरं नाही. २२ ला आधीही वाट नव्हती, नंतरही नव्हती.

राजीनामा हा पूर्णपणे वेगळा विषय. कलम १९०(३)(ब). अध्यक्षांच्या नावाने सहीनिशी पत्र द्यायचं. १९७४ च्या ३३ व्या दुरुस्तीने एक अट घातली: राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे असं चौकशीअंती अध्यक्षांना वाटलं नाही तर ते तो नाकारू शकतात. पुढची सगळी लढाई या एका अटीवर झाली.

बेरीज_वजाबाकी
चला, आता खडू घ्या.

सरकारकडे ११४ + ७ = १२१. विरोधात १०७. अध्यक्ष सरकारचेच, पण ते फक्त समसमान झालं तरच मत देतात. म्हणून सभागृहात सरकारची मतं १२०.

१९६७ सारखं उठून थेट पलीकडे बसता आलं असतं तर एक माणूस गेला की इकडे एक कमी आणि तिकडे एक जास्त. ७ जण पुरेसे होते: ११३ विरुद्ध ११४.

राजीनाम्यात फक्त इकडे एक कमी होतो, तिकडे काही वाढत नाही. म्हणून दुप्पट लागतात. १३ गेले तर १०७ विरुद्ध १०७, अध्यक्षांच्या निर्णायक मताने सरकार वाचतं. १४ गेले की १०६ विरुद्ध १०७. पडलं.

दौलतगंजकर, तुमचं उत्तर: १४.

इंदुरी_आबा
१४ नाही, १५.

१४ गेल्यावर सभागृह २१४, बहुमत १०८. भाजप १०७ वर अडकतो. सरकार पडेल, पण नवं सरकार एका मताने लटकतं. १५ गेले की सभागृह २१३ आणि बहुमत बरोबर १०७. स्वतःच्या बळावर सरकार करायचं तर १५.

बेरीज_वजाबाकी
आबा, विश्वासमत 'हजर राहून मत देणाऱ्यांच्या' बहुमतावर ठरतं. एकूण संख्येचं बहुमत तिथे कुठे लागतं?

इंदुरी_आबा
पाडायला लागत नाही. राज्यपालांपुढे दावा करायला जाताना मात्र एकूण संख्येचंच पत्रक द्यावं लागतं, आणि १०७ पैकी एकाला त्या दिवशी ताप आला तर? मैहरचे नारायण त्रिपाठी आणि ब्योहारीचे शरद कोल, हे दोघे भाजप आमदार जुलै २०१९ मध्ये सभागृहात काँग्रेसच्या विधेयकाला मत देऊन बसले होते. सरकारच्या बाजूने १२२ मतं पडली होती तेव्हा. अशी माणसं गृहीत धरून कोण १४ वर थांबेल?

बेरीज_वजाबाकी
हे मात्र कबूल. दोन डळमळीत धरा, काही राजीनामे मागे घेतले जातील ते धरा, एखाददुसरा अध्यक्ष नामंजूर करतील तो धरा. १५ वर ७ चा फरक ठेवला की २२ होतात. सभागृह २०६, बहुमत १०४, भाजप १०७. तीन हातचे.

लष्करी_भाकरी
म्हणजे १५ कामाचे आणि ७ विम्याचे. विम्याचा हप्ता कोणी भरला ते विचारायचं नाही ना?

दौलतगंजकर
नाही. दुसरा धागा.

राजवाडा_चौक
कुणी राज्यसभेचं का बोलत नाही? सगळं पेटलं ते तिथून. तीन जागांची निवडणूक २६ मार्चला होती. कोटा काढायची पद्धत: प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १००, एकूण मूल्याला जागा अधिक एक याने भागा आणि १ मिळवा. २२८ वर २२,८०० भागिले ४ अधिक १, म्हणजे ५,७०१. सोप्या भाषेत ५८ आमदार. काँग्रेस मित्रांसह १२१, दोन जागांना ११६ लागतात, निघतात. भाजपला एक.

आता २२ वजा करून बघा. २०,६०० भागिले ४ अधिक १, ५,१५१, म्हणजे ५२ आमदार. भाजपचे १०७, दोन जागांना १०४. काँग्रेस एकीवर. करोनामुळे मतदान १९ जूनला झालं आणि निकाल अगदी तसाच लागला: ज्योतिरादित्य शिंदे आणि सुमेरसिंह सोलंकी भाजपचे, दिग्विजयसिंह काँग्रेसचे. एकाच राजीनाम्यात सरकारही गेलं आणि राज्यसभेची जागाही.

नाका_चंद्रवदनी
राज्यसभेत तर व्हिप चालत नाही म्हणतात?

राजवाडा_चौक
दहावी अनुसूची राज्यसभेच्या मतदानाला लागू होत नाही. म्हणून २००३ पासून उघडं मतदान. पेटीत टाकण्याआधी मतपत्रिका आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची. नाही दाखवली, किंवा दुसऱ्याच पक्षाच्या माणसाला दाखवली, की मत बाद. आणि पसंतीचा आकडा आयोगाने दिलेल्या पेनानेच लिहायचा, खिशातल्या नाही. एवढ्यातेवढ्यावरून जागा गेल्यात.

जुनी_छावणी
बेरीज_वजाबाकी यांनी १९६७ चा उल्लेख केला म्हणून. ग्वाल्हेरकरांना हे काही नवं नाही. द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार जुलै १९६७ मध्ये राजमाता विजयाराजे शिंद्यांनी पाडलं, ३६ काँग्रेस आमदार फोडून. तेव्हा पक्षांतरबंदीच नव्हती, सरळ पलीकडच्या बाकावर. ३० जुलैला गोविंदनारायण सिंह मुख्यमंत्री, तेही काँग्रेसमधूनच आलेले. मार्च १९६९ मध्ये ते गेले, मग नरेशचंद्र सिंह तेरा दिवस, मग श्यामाचरण शुक्ल.

फोडून आणलेल्यांचं सरकार तेव्हा पूर्ण दोन वर्षंही चाललं नव्हतं. याची नोंद असावी.

लष्करी_भाकरी
तेव्हा आमदार ठेवायला मानेसर आणि बंगळुरूचं हॉटेल लागलं नसेल. महालातच सोय.

चंबळकाठ
सरकार पाडणाऱ्यांचंच काय बोलता, ठेवणाऱ्यांनी काय केलं? मंत्रिमंडळाची कमाल मर्यादा सभासदसंख्येच्या १५ टक्के. २३० वर ३४. कमलनाथांनी २५ डिसेंबरला २८ जणांना शपथ दिली, सगळे कॅबिनेट दर्जाचे, मुख्यमंत्री धरून २९. पाच जागा मोकळ्या. चार अपक्षांपैकी वारासिवनीचे प्रदीप जायसवाल एकटे मंत्री. बसपच्या रामबाई उघडपणे मंत्रिपद मागत होत्या. काठावरच्या सरकारात पाच खुर्च्या पंधरा महिने रिकाम्या ठेवणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

इंदुरी_आबा
भरल्या असत्या तर उरलेल्यांनी रुसवा धरला असता. आमिष शिल्लक ठेवायची जुनी पद्धत आहे ती. शिवाय गेले ते बाकीचे ७ नव्हेत, काँग्रेसचे स्वतःचे होते, आणि त्यांत ६ मंत्री! मंत्रिपदाने माणूस थांबत असता तर तुलसी सिलावट थांबले असते.

चंबळकाठ
हं. ते सहा मंत्री आहेत खरे.

कलम_१९०
आता अध्यक्षांचा भाग, कारण बऱ्याच जणांना वाटतं की नर्मदाप्रसाद प्रजापतींनी राजीनामे दाबून ठेवले असते तर सरकार वाचलं असतं.

१० मार्चला, होळीच्या दिवशी, शिंद्यांचा पक्षत्याग जाहीर झाला आणि राजीनामे आले. पत्रं आमदारांनी स्वतः दिली नाहीत, ती भाजपच्या नेत्यांनी अध्यक्षांकडे पोचवली. ३३ व्या दुरुस्तीतल्या अटीला इथे जागा होती: माणूस समोर नाही, पत्र विरोधकाच्या हातून आलेलं, स्वेच्छा कशी ठरवायची? अध्यक्षांनी समक्ष या म्हणून नोटिसा काढल्या. कोणी आलं नाही, व्हिडिओ आले.

१४ मार्चला अध्यक्षांनी सहा मंत्र्यांचे राजीनामे मंजूर केले. सभागृह २२२, सरकार ११५, बहुमत ११२. कागदावर सरकार टिकून होतं. राज्यपाल लालजी टंडन यांनी १६ मार्चला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. त्या दिवशी अभिभाषण झालं आणि करोनाचं कारण देऊन अध्यक्षांनी सभागृह २६ मार्चपर्यंत तहकूब केलं. शिवराजसिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ मार्चला न्या. चंद्रचूड आणि न्या. हेमंत गुप्ता यांचा आदेश: २० तारखेला संध्याकाळी पाचच्या आत मतदान, विषय हा एकच, हात वर करून, चित्रीकरणासह. बंगळुरूतल्या १६ जणांना यायचं असेल तर संरक्षण.

१९ च्या रात्री उरलेले १६ राजीनामे मंजूर झाले. २० ला दुपारी कमलनाथांनी मतदानाआधीच पद सोडलं.

दाबून ठेवले असते तर? आमदार राहिले असते, व्हिप लागला असता. पण ते आलेच नसते. हजर २०६, मतं तीच. सरकार तसंही पडलं असतं.

नाका_चंद्रवदनी
मग राजीनाम्याचा उपयोग काय? घरी बसून राहिले असते तरी चाललं असतं.

कलम_१९०
हाच खरा प्रश्न. गैरहजर राहिला तर अपात्र. अपात्र झाला की कलम १६४(१ब) खाली पुन्हा निवडून येईपर्यंत, किंवा त्या आमदारकीची मुदत संपेपर्यंत, मंत्री होता येत नाही. राजीनामा दिलेल्याला ही बंदी नाही. तो सामान्य नागरिक, आणि कलम १६४(४) प्रमाणे सामान्य नागरिकही सहा महिने मंत्री राहू शकतो.

शिवराजसिंहांच्या मंत्रिमंडळात २ जुलै २०२० नंतर मुख्यमंत्री धरून ३४ जण होते, त्यातले १४ कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. अपात्र ठरले असते तर यातला एकही शपथ घेऊ शकला नसता.

म्हणून राजीनामा. सरकार दोन्ही रस्त्यांनी पडतं, खुर्ची एकाच रस्त्याने मिळते.

बेरीज_वजाबाकी
यात कर्नाटकाचा धडा होता. तिथे २०१९ मध्ये १७ जणांना अध्यक्षांनी अपात्र ठरवलं, वर विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवायलाही बंदी घातली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, लढवण्याची बंदी उडवली. चार महिन्यांनी आपल्याकडे हा खेळ झाला तेव्हा सगळ्यांचा अभ्यास ताजा होता.

पोहे_जलेबी
दोन शिंदे, दोन रस्ते. ग्वाल्हेरचे राजीनाम्याने, ठाण्याचे 'पक्ष माझाच' म्हणून.

कलम_१९०
विनोद असला तरी बरोबर आहे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये ५५ पैकी ३७ ला दोन तृतीयांश पुरे होते आणि एकनाथ शिंद्यांकडे ४० होते. तरी विलीनीकरण केलं नाही, कारण मग दुसऱ्या पक्षात जावं लागलं असतं. ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की व्हिप राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, आणि राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली तीही चूक. पण उद्धव ठाकऱ्यांनी मतदानाआधी राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत आणता येत नाही.

कमलनाथांनीही मतदानाआधीच सोडलं होतं. मात्र मध्यप्रदेशाबाबत १३ एप्रिल २०२० च्या निकालात राज्यपालांचा आदेश योग्य ठरला: सभागृह चालू असतानाही ते चाचणी सांगू शकतात.

राजवाडा_चौक
पोटनिवडणुकीवर कोणी येईल का? धोका तिथे होता.

२८ जागा: २५ राजीनाम्यांच्या (मार्चचे २२, नंतर आणखी ३) आणि ३ निधनाच्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ प्रमाणे सहा महिन्यांत व्हायला हव्यात, करोनामुळे आयोगाने त्यातली सवलत वापरली. मतदान ३ नोव्हेंबर, मोजणी १० नोव्हेंबर. त्यातच दमोहच्या काँग्रेस आमदाराने राजीनामा दिला, सभागृह २२९ चं झालं, बहुमत ११५. भाजपला १०७ वर फक्त ८ हव्या होत्या. मिळाल्या १९. काँग्रेसला ९.

आमच्या सांवेरमध्ये सिलावट २०१८ ला काँग्रेसकडून तीन हजारांच्या आत जिंकले होते, २०२० ला भाजपकडून ५३,२६४ ने. डबऱ्यात इमरती देवी २०१८ ला सत्तावन्न हजारांवर मताधिक्याने जिंकल्या, २०२० ला हरल्या. एकाच फॉर्म्युल्याचे दोन निकाल. सांवेरला भाजपची जुनी मतं होती, त्यात सिलावटांची भर पडली. डबऱ्याचं मताधिक्य काँग्रेसचं होतं, ते बाईंबरोबर गेलं नाही.

चंबळकाठ
दिमनीत गिर्राज दंडोतिया, सुमावलीत ऐदलसिंह कंषाना, दोघेही मंत्री असून पडले. ग्वाल्हेर पूर्वमध्ये मुन्नालाल गोयलही. तिथे काँग्रेसने भाजपमधून आलेल्या सतीश सिकरवारांना उभं केलं आणि ते जिंकले. आमच्या पट्ट्यातल्या १६ पैकी ७ काँग्रेसने राखल्या. ज्योतिरादित्य महाराज गेले म्हणून इथे सगळंच गेलं, असं इंदूरवाल्यांना वाटतं. तसं नाही.

राजवाडा_चौक
इंदूरवाल्यांना कोण विचारतंय, भिया, आम्ही फक्त सांवेर सांगितलं.

टेबल_क्रमांक_७
सहा महिन्यांची अट सिलावट आणि गोविंदसिंह राजपूत या दोघांना बरोबर लागली. २१ एप्रिलला शपथ, ऑक्टोबरात मुदत संपली, मतदानाला दोन आठवडे असताना मंत्रिपद सोडावं लागलं. बाकी बारा जणांची शपथ जुलैची, म्हणून ते मंत्री म्हणूनच लढले. जिंकल्यावर दोघांना ३ जानेवारी २०२१ ला परत घेतलं. पोटनिवडणूक लांबली की सर्वात आधी घाबरतो तो एप्रिलचा मंत्री.

नाका_चंद्रवदनी
१५ टक्क्यांचं एक राहिलं. सभागृह २०६ असताना १५ टक्के म्हणजे ३०. मग ३४ कसे?

कलम_१९०
प्रजापती हाच मुद्दा घेऊन न्यायालयात गेले होते. कलम १६४(१अ) मध्ये 'विधानसभेच्या एकूण सभासदसंख्येच्या' १५ टक्के असे शब्द आहेत. सरकारच्या बाजूने वाचलं तर एकूण म्हणजे ठरवून दिलेले २३०, रिकाम्या जागा धरून. विरोधकांच्या बाजूने वाचलं तर हयात सभासद. मला पहिलं वाचन पटतं. दुसरं धरलं तर प्रत्येक निधनागणिक एखादा मंत्री काढावा लागेल.

दौलतगंजकर
उत्तम. १४ की १५ हे भांडण मला आबांच्या बाजूने सुटल्यासारखं वाटतं, बेरीज_वजाबाकी यांना वाटत नसेल.

बेरीज_वजाबाकी
पाडायला १४, बसायला १५. लिहून ठेवा.

आणि तेच गणित २०२३ ला लावून बघा. भाजप १६३, काँग्रेस ६६, भारत आदिवासी पार्टी १. निकालाच्या दिवसाचे आकडे धरले तर विरोधात ६७. अध्यक्ष वगळून सरकार १६२. पलीकडे बसायची मोकळीक असती तर ४८ पुरले असते. राजीनाम्याच्या रस्त्याने ९६ लागतात. विलीनीकरण करायचं म्हटलं तर १६३ चे दोन तृतीयांश, १०९.

लष्करी_भाकरी
९६ म्हणजे स्लीपरचा एक अख्खा डबा आणि वर २४. ग्वाल्हेरहून बंगळुरूचं इतक्या जणांचं कन्फर्म तिकीट कोण काढून देणार?

इंदुरी_आबा
तत्काळ. एका पीएनआरवर चारच.